पंख्याच्या मानेवरचा दिवा

भातं घरात आली, पहाटे अंगावर आणखी एक वाकळ ओढावीशी वाटायला लागली, की आमच्या बेळगावात नाटकांचे दिवस सुरू होतात. पूर्वी चौकातल्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असायचं, आता मोबाईलवर चित्र येतं, एवढाच काय तो फरक. परवा तसंच एक चित्र आलं. अण्णाच्या नातीचं, मुक्ताचं नाटक. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही दोघंही आता काठीला आलोय, पण नाटक म्हटलं की आधी जाऊन पुढची रांग धरणार.

जागा म्हणजे एक मोठीशी खोली. चारी भिंती काळ्या रंगवलेल्या, खुर्च्या दाटीवाटीनं मांडलेल्या, आणि नट इतके जवळ की हात लांब केला तर त्यांच्या बाहीला लागेल. नाटक सुरू झालं आणि वर टांगलेले दोन दिवे आपले आपण माना वळवायला लागले. कुणाचा हात नाही, काही नाही. मला कौतुक वाटलं. मग मुक्ता बोलायला लागली, अगदी हळू, नाटकात तिची आई आजारी असते म्हणून. आणि तेव्हा कळलं की दिवेही बोलताहेत. घूंऽऽ असा एकसारखा आवाज, आणि मान वळली की टिक टिक टिक. पोरीचं निम्मं बोलणं त्यांनी खाल्लं.

अण्णा माझ्या कानाशी वाकला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं कुजबुजला, "सुमे, ग्रीस कमी पडालंय बघ ह्याला."

मागून कुणीतरी शूऽऽ केलं. मला हसू आवरेना, तोंडाला पदर लावून बसले. नाटक संपल्यावर मुक्ता तोंड पाडून आली. "आज्जी, माझं ऐकू आलं काय गं? त्या दिव्यांच्या आत पंखा असतो. दिवा तापतो म्हणून. तो बंदच करता येत नाही."

"तुमच्या दिव्यात पंखा हाय व्हय?" अण्णा म्हणाला. "आमचा दिवाच पंख्यावर होता."

तिला वाटलं, आजोबा चेष्टा करताहेत. घरी आल्यावर मी तिला चहा करून दिला आणि म्हटलं, बस, सांगते. पण सांगायला लागले आणि मलाच कळेना कुठून धरावं. त्या एका हंगामाला सुरुवात अशी नाहीच. वास आहेत, आवाज आहेत, आणि आप्पा आहेत, आमचे वडील.

आमचं घर वडगावचं, विणकरांच्या गल्लीतलं. पुढच्या खोलीत दोन माग, मागे स्वयंपाकघर, वर माळा. माग विजेवर चालायला लागले तेव्हापासून ह्या घरात कुणी कुणाचं ऐकलेलं नाही, असं आई म्हणायची, आणि ते अगदी शब्दशः खरं होतं. त्या खटखटाटात ऐकणार काय, कप्पाळ! आमच्याकडं बोलणं बघायचं असायचं. आई चुलीपाशी उभी राहून नुसते ओठ हलवायची, "भाकरी घेता?" आणि आप्पा मागावरून तसेच ओठ हलवून सांगायचे, "एवढा पदर होऊ दे." गल्लीतली सगळीच माणसं तशी. दोन बायका रस्त्याच्या दोन बाजूंना आपापल्या दारात उभ्या राहून पोटभर भांडायच्या आणि परक्या माणसाला वाटायचं, बसून काहीतरी चघळताहेत. शाळेत बाई मला ओरडायच्या, "सुमन, माझ्या तोंडाकडं काय बघतेस, पुस्तकात बघ!" मी काय करणार? ऐकायचं म्हणजे तोंडाकडं बघायचं, एवढंच मला घरी शिकवलेलं.

सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास, तेलाचा वास, आणि सुताचे बारीक तंतू. ते केसांत, भाकरीत, देव्हाऱ्यातल्या कुंकवातसुद्धा. आता त्या गल्लीत गेलं की निम्म्या घरांत माग नाहीत. टाईल्स बसवल्यात, पुढच्या खोलीत स्कूटर उभी असते. शांत वाटतं आणि चुकल्यासारखंही वाटतं. परवा तिथून जाताना एका घरातून खटखट ऐकू आली आणि माझे पाय आपोआप थांबले.

ते वर्ष सत्तरचं दशक संपत आलं तेव्हाचं. माझं शिक्षिकेचं ट्रेनिंग झालं होतं, नोकरीची ऑर्डर हातात होती, उन्हाळ्यानंतर पार कारवारकडं जायचं होतं. म्हणजे नाटक करायचं तर हाच हंगाम. त्यानंतर कुठली सुमन आणि कुठलं नाटक? आमच्या मंडळाचे मानेसर हायस्कुलात मराठी शिकवायचे, स्वतः लिहायचे आणि स्वतःच बसवायचे. नाटकाचं नाव मी सांगत नाही, कारण सरांनी ते दर प्रयोगाला बदललं. गोष्ट मात्र साधी होती. हायवेच्या कडेला एक घर. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, गेला तो आलाच नाही. बायको रोज अंधार पडला की दारात उभी राहते. गाड्या येतात, त्यांचा उजेड भिंतीवरून सरकत जातो, आणि ती जाणाऱ्या प्रत्येक गाडीला घरातल्या बातम्या सांगते. गाडी थांबत कधीच नाही.

आपल्याकडं हायवेकाठच्या माणसांना हे सांगावं लागत नाही. निपाणीपासून बेळगावपर्यंत त्या रस्त्याला लागून अशी किती घरं, आणि किती भिंतींवरून तो उजेड रोज जातो.

ती बायको मी. आणि शेवटचं ते दारातलं बोलणं म्हणजे माझा जीव की प्राण. सर सांगायचे, "ओरडायचं नाही, सुमन. ती कुणाला ऐकू जावं म्हणून बोलत नाही. बोलल्याशिवाय तिला राहवत नाही म्हणून बोलते." मी हळू बोलायची. माझा आवाज मुळातच बारीक. आईला काळजी वाटायची, की ही पोरगी वर्गात पोरांना कशी धाकात ठेवणार. सरांना मात्र तोच आवाज हवा होता.

आता तो सरकणारा उजेड आणायचा कुठून? पुण्या-मुंबईच्या कंपन्यांकडं असतील तसली यंत्रं. आमच्याकडं होती मिठाच्या पाण्याची एक चिनीमातीची बरणी. त्यात पितळी दांडी खालीवर केली की दिवा मंद व्हायचा, मोठा व्हायचा. बरणीला हात लावला तर माणूसही मंद व्हायचा, म्हणून सर ती स्वतःच सांभाळायचे, पायात रबरी चपला घालून. पण मंद होणं वेगळं आणि सरकणं वेगळं.

अण्णा गल्लीतल्या मागांच्या मोटरी दुरुस्त करायचा. त्याच्या डोक्यात आलं. कुणाच्यातरी माळ्यावर पडलेला जुना टेबलफॅन त्यानं आणला, पाती काढून टाकली आणि त्याच्या मानेवर तुपाचा चौकोनी डबा बसवला. डब्यात हा एवढा मोठा बल्ब, मागे चकचकीत ताटली, पुढे पिवळसर जिलेटीनचा कागद. पंखा चालू केला की मान डावीकडून उजवीकडं फिरणार, बरोबर डबा फिरणार आणि उजेड भिंतीवरून सरकणार. पहिल्यांदा लावला तेव्हा गल्लीतली माणसं माग तसेच चालू ठेवून बघायला आली. भिंतीवरून उजेड गेला आणि आमची आई दारातून बाजूला झाली, खरोखरची गाडी आल्यासारखी. अण्णाचं तोंड बघण्यासारखं होतं. तो नुसता उभा होता, हातातलं फडकं पिळत. एवढा खूश मी त्याला त्याच्या लग्नातही बघितला नाही.

तालमी आमच्याच गल्लीच्या टोकाला, सूत ठेवायच्या खोलीत. तीन बाजूंना माग. आणि हे बघा, इथंच आम्ही फसलो. करंट असला की माग चालू. माग बंद झाले म्हणजे करंट गेला. करंट गेला की अण्णाचा दिवाही गेला. आठवड्याच्या सुट्टीला माग थांबायचे, पण त्या दिवशी अण्णा गल्लीभर मोटरी उघडून बसलेला असायचा. म्हणजे अण्णाचा दिवा चालू आहे आणि आजूबाजूला शांतता आहे, असा एक क्षण आम्हाला मिळाला नाही. कुणाच्या ध्यानात येणार? सर म्हणायचे, "इथं मागांच्या आवाजात कळत नाही, पण हॉलमध्ये बघ, तुझा शब्द न् शब्द मागच्या भिंतीपर्यंत जाईल." आमचा सगळ्यांचा त्यावर विश्वास.

पहिला प्रयोग बेळगावात, एका शाळेच्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये. छोटा हॉल, माणसं सतरंजीवर, म्हातारी खुर्चीवर. आप्पा अगदी मध्यात, धुवून इस्त्री केलेला शर्ट घालून. आप्पा नाटकवेडे. तरुणपणी सायकल मारत कुठं कुठं जाऊन कंपन्यांची नाटकं बघितलेली. घरात देवाचं एखादं वेळेस राहील, पण नाटक सोडायचे नाहीत. आज त्यांची लेक उभी राहणार म्हणून आदल्या दिवसापासून जेवण गोड लागत नव्हतं.

पडदा उघडला. इकडं तिकडं सगळं शांत. आणि अण्णानं दिवा लावला.

कर्रऽऽ टक. कर्रऽऽ टक.

बाई गं! पंख्याची मान आधीच जुनी, त्यावर डब्याचं ओझं. डावीकडून उजवीकडं जाताना करकरायची आणि टोकाला पोचली की टक्कन वाजायची. माणसं भिंतीवरचा उजेड बघायची सोडून मागे वळून डब्याकडं बघायला लागली. "कोण शिलाई मशीन चालवालंय रे?" एकजण म्हणाला आणि हशा पिकला. मी दारात उभी. नवरा येणार नाही हे कळलेली बाई मी, आणि लोक हसताहेत. माझं सगळं बोलणं त्या कर्रऽऽ टकमध्ये गेलं. बोलतेय ते मलाच ऐकू येत नव्हतं.

बाहेर आल्यावर आप्पा माझ्याजवळ आले. "उजेड लई झकास गं," म्हणाले. "तुझं दारातलं बोलणं तेवढं कळलं न्हाय बघ." दिव्याच्या आवाजाबद्दल एक अक्षर नाही. मला वाटलं, अण्णाला वाईट वाटू नये म्हणून बोलले नाहीत.

मी मात्र बोलले. "तुझ्या डब्यानं माझं वाटोळं केलं," म्हटलं अण्णाला. त्यानं डबा पोत्यात गुंडाळून सायकलला बांधला आणि पिरनवाडीच्या बाजूला कुणाकडंतरी जाड ग्रीस मिळतं म्हणून निघून गेला.

मुक्ता म्हणाली, "मग काय केलं तुम्ही?" काय नाही केलं, ते विचार. ग्रीस भरलं, आवाज खाली उतरला पण गेला नाही. डब्याखाली घोंगडं घातलं, तर ते तापून करपलं आणि हॉलभर लोकर जळल्याचा वास. मानेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधला, तर मान अर्ध्यावरच अडकली. एकानं सुचवलं की सुमननं मोठ्यानं बोलावं. सर म्हणाले, मग तिनं रस्त्यावर जाऊन हातच का करू नये गाड्यांना? एकानं सुचवलं की दिवाच काढावा.  सगळ्यांनी अण्णाकडं बघितलं आणि अण्णानं जमिनीकडं.

आता विचार करते तेव्हा वाटतं, आवाजाची सवय ही भारी चीज आहे. तो कानावर पडतच नाही असं होऊन जातं. आम्हाला वाटायचं, आपण आवाजात राहतो म्हणजे आपले कान तयार झालेत. तयार कसले? आवाजाखाली काय काय दडपलं गेलंय याचा आम्हाला पत्ताच नव्हता. तो दिवा तर काहीच नाही.

दुसरा प्रयोग बेळगुंदीत. भाताच्या मळण्या नुकत्याच संपलेल्या. गावात शिरलं की पिंजराचा, भाताच्या पेंढ्याचा वास, खळ्यावर चिमण्या, माणसं मोकळी आणि खूश. प्रयोग शाळेच्या एका मोठ्या वर्गात. तिथं अण्णाला युक्ती सापडली. वर्गाच्या बाजूला गजांची खिडकी होती. त्यानं दिवा बाहेर नेला, बैलगाडीवर पिंजराच्या ढिगात बसवला आणि खिडकीतून उजेड आत सोडला. आवाज बाहेरच्या बाहेर. आणि वर बोनस म्हणजे गजांच्या सावल्याही भिंतीवरून सरकायला लागल्या. काय दिसत होतं म्हणून सांगू! तुरुंगातून गाड्या बघणाऱ्या बाईसारखी मी. वर्गात अगदी शांतता. माझा शब्द न् शब्द गेला. पुढे बसलेल्या एका म्हातारीनं डोळे पुसले. मला धन्य धन्य वाटलं.

आणि आप्पा? प्रयोग संपल्यावर म्हणाले, "चांगलं झालं. दारातलं बोलणं मात्र काय कळंना गं."

माझ्या डोक्यातच गेलं. सगळ्या गावाला कळलं, ह्यांनाच कसं कळत नाही?

मुक्काम गावातच होता. सकाळी उठून बघते तर आप्पा खळ्याच्या कडेला पाठमोरे उभे. लांबवर नुसती शेतं, कापून झालेली, ओलसर. ना माग, ना गाडी. वडगावात असली शांतता आयुष्यात मिळाली नव्हती. मी मागून हाक मारली, "आप्पा, चहा झालाय." ते वळले नाहीत. जरा जवळ जाऊन पुन्हा मारली. मग अगदी पाठीशी गेले, "आप्पा!" शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीनं मान वर केली, आप्पांनी नाही.

मी पुढे जाऊन उभी राहिले. माझं तोंड दिसल्याबरोबर हसले. "आलीस व्हय? चहा झाला?"

 मी मुद्दाम आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "आप्पा, तुम्हाला ऐकू येत नाही?"

 आप्पा खळ्याच्या दगडावर बसले. "न्हाय गं. लई दिवस झाले."

"कधीपास्नं?"

"काय म्हाईत! मागावर कुठं कळतंय? एक दिवस करंट गेला. सगळी म्हणाली, बाई बाई, काय शांत वाटालंय. मला काय फरकच पडला न्हाय. तवा समजलं."

म्हणजे बघा. घरात आई, अण्णा, मी, सगळे त्यांच्याशी रोज बोलत होतो. ते उत्तरं देत होते. आणि एकालाही कळलं नाही. कळणार कसं? आमच्या घरात ऐकू येणारा माणूस आणि न येणारा माणूस एकसारखेच राहायचे. दोघांनीही तोंडाकडंच बघायचं.

"मग नाटकं?" मी विचारलं.

"बघतो की! नाटक बघायचंच असतंय. ओठ दिसले की झालं. तुझंच तेवढं समजंना. ती लाईट येतीया आणि जातीया. आली की 'वासरू' म्हणतीस, गेली की अंधार. परत आली की 'पत्रा' म्हणतीस. वासराचं काय झालं आणि पत्र्याचं काय झालं, कोण सांगणार मला?"

मला हसूही आलं आणि रडूही आलं. आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पुढच्या वर्षी तू हितं नसणार. निपाणीत तेवढं कळलं तर बरं हुईल बघ. अण्णाला बोलू नको हं. लई जीव लावलाय त्यानं त्या दिव्याला. आणि कानाचं तर कुणालाच नको. नाटकाला आलोय आणि बहिरा हाय म्हणून लोक हसतील."

म्हणजे गंमत बघा, एवढे दिवस मी त्या दिव्याच्या आवाजावर दात खात होते. आप्पांना त्या आवाजाचं काहीच नव्हतं. त्यांच्या वाटेत येत होतं ते त्याचं सरकणं.

मी अण्णाला सांगितलंच. न सांगून करणार काय? तो पाण्याच्या टाकीपाशी डबा पुसत बसला होता. ऐकून फडकं त्याच्या हातातून पडलं. "मी रोज जाताना मागून सांगतोय की गं," तो म्हणाला. "आप्पा, येतो म्हणून. रोज." 

निपाणीचा प्रयोग शेवटचा. मी सरांना विचारून बघितलं. दारातल्या बोलण्याला उजेड माझ्या तोंडावर थांबवला तर? कारण सांगितलं नाही, कानाचं कुणाला नको असं आप्पांनी बजावलं होतं. सर चिडले नाहीत. समजावून सांगितलं त्यांनी. "सुमन, तिच्या दाराशी एकही गाडी थांबत नाही, हेच तर नाटक आहे. गाडी थांबली म्हणजे कुणीतरी आलं. मग उरलं काय?" आणि खरं सांगते, त्यांचं बरोबर होतं. आजही मला त्यांचंच बरोबर वाटतं. 

निपाणीत त्या दिवसांत शिरलं की आधी नाकाला कळतं. तंबाखू कुटायचे, चाळायचे दिवस. हवेतच झणका. एस.टी.तून उतरलो आणि सगळं मंडळ शिंकायला लागलं. कंडक्टर हसून कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला, तोही शिंकला. प्रयोग एका रिकाम्या वखारीत ठेवलेला. जाड भिंती, वर पत्रा, आणि खिडकी नाही. एकही नाही. तंबाखूला वारा लागू नये म्हणून बांधलेली वखार ती. अण्णानं चारी बाजूंनी फिरून बघितलं आणि डोक्याला हात लावला. दिवा आतच ठेवावा लागणार होता. कोपऱ्यात स्टूल मांडलं, त्यावर डबा, आणि शेजारी अण्णा.

समोर बायका पुष्कळ होत्या. दिवसभर वखारीत तंबाखू निवडून आलेल्या, हात पिवळे झालेल्या. आप्पा पहिल्या रांगेत, अगदी मधोमध. मी पडद्याच्या फटीतून बघितलं तर ते ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून. माझा जीव टांगणीला लागलेला. नोकरी, कारवार, सर, काही डोक्यात नव्हतं. ह्या माणसाला माझं एकदा सगळं कळलं पाहिजे, एवढंच.

नाटक चाललं. कर्रऽऽ टक चालू झालं, लोक मागे वळले, पुन्हा पुढे बघायला लागले. निपाणीच्या बायका सोशिक, त्या हसल्या नाहीत. अंधार पडल्याचा प्रसंग आला. मी दारात उभी राहिले. पहिली गाडी गेली. मी वासराचं बोलले. उजेड माझ्या तोंडावरून गेला आणि पहिल्या रांगेत आप्पा जरा पुढे वाकलेले दिसले, अंधारात काही सापडतंय का बघितल्यासारखे. दुसरी गाडी आली. कर्रऽऽ

आणि टक झालंच नाही.

टेबलफॅनच्या मानेवर एक खुंटी असते. खाली दाबली की मान वळते, वर ओढली की जिथल्या तिथं थांबते. अण्णानं ती वर ओढली होती. उजेड माझ्या तोंडावर येऊन थांबला. करकर थांबली. वखारीत एकदम असं शांत झालं की पत्र्यावर मांजर चाललं तेही ऐकू आलं.

मी विंगेत बघितलं. मानेसर बरणीवर वाकलेले, पितळी दांडी हातात. अण्णाच्या डब्याची तार त्या बरणीतूनच गेलेली, दांडी वर ओढली असती तर उजेड गेला असता आणि नाटक त्यांच्या मनासारखं संपलं असतं. ते माझ्याकडं बघत होते, अण्णाकडं बघत होते. दांडी तशीच धरून राहिले.

बायकोच्या दाराशी पहिल्यांदाच गाडी थांबली होती. मला जाणाऱ्या गाडीच्या मागं बघत बोलायचं असायचं. मी उजेडाकडं वळले. पहिल्यापासून पुन्हा, नेहमीसारखीच हळू बोलले, जरासाही आवाज चढवला नाही. वासरू झालं, कपाळावर पांढरा ठिपका आहे. वाऱ्यात पत्रा उडाला होता, मीच चढून बसवला. धाकटं आता भिंत धरून चालतंय, तुम्हाला ओळखणार नाही. पहिल्या रांगेत आप्पांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. एकही शब्द सुटत नव्हता त्यांचा.

मग माझं शेवटून दुसरं वाक्य आलं. मी उंबऱ्यावर एक पाऊल टाकलं आणि विचारलं, "कोण हाय का बाहेर?"

"हाय गं," आप्पा म्हणाले. "मी हाय. बोल तू."

मागावर बोलायच्या आवाजात म्हणाले. आपण किती मोठ्यानं बोललो हे त्यांना कळणार कसं? सगळ्या वखारीत घुमलं ते. कुणी हसलं नाही. कोपऱ्यात अण्णानं तोंड फिरवलं.

सरांनी लिहिलेलं माझं शेवटचं वाक्य होतं, "कुणी न्हाय, वारा सुटलाय." ते म्हणायचं आणि दार लावून घ्यायचं. मी ते म्हटलं नाही. दार उघडं ठेवलं, आप्पांच्या समोर आले, आणि लिहिलेलं सगळं संपलं तरी बोलत राहिले.